कानामागे टाकलेले प्रश्न



गुरुजी गेल्यानंतर त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही व्याख्यानमाला सुरू केली. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. बीड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी मी कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून आले, तेव्हा त्यांची ओळख झाली ती त्यांच्या चिठ्ठ्यांमुळे. महिन्या-दोन महिन्यांनी एखादं पोर आईचा पदर धरून दवाखान्यात यायचं आणि आई कमरेची पिशवी सोडून घडी केलेला वहीचा कागद पुढे करायची. कागदावर दोन ओळी असायच्या. 'हा मुलगा मठ्ठ नाही. याला ऐकू कमी येतं असं याच्या आईला वाटतं, मलाही वाटतं. तपासावे.'

या चिठ्ठीत आईला काय वाटतं ते आधी येतं आणि गुरुजींना काय वाटतं ते नंतर. तो क्रम मला तेव्हा जाणवला नव्हता. पुढे कळलं की गुरुजी वर्गातल्या प्रत्येक मागे पडलेल्या मुलाच्या घरी जाऊन एकच गोष्ट विचारत: पाठमोरा असताना हाक मारली तर वळून बघतो का? उत्तर ऐकून मग ते चिठ्ठी लिहीत. आजचं माझं बोलणं त्या क्रमाबद्दल आहे. मुलांच्या कान-नाक-घशाच्या आजारांवर जगभर संशोधन चालतं. पण कशावर संशोधन करायचं, कोणता प्रश्न आधी घ्यायचा, हे कोण ठरवतं? आणि ते ठरवताना आईबापांना कधी विचारलं जातं?

सुरुवात टॉन्सिलपासून करते, कारण या विषयात टॉन्सिलचा इतिहास सगळ्यांत बोलका आहे. १९३४ साली अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्कच्या शाळांतल्या ११ वर्षांच्या १००० मुलांची एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६११ मुलांच्या टॉन्सिल आधीच काढलेल्या होत्या. उरलेल्या ३८९ मुलांना शाळेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना 'काही नाही, जा' म्हटलं होतं अशी २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनी त्यांतल्या ९९ जणांना ऑपरेशन सांगितलं. दोनदा सुटलेली ११६ मुलं तिसऱ्या डॉक्टरांकडे गेली. तिथे ५१ जणांचा नंबर लागला. १००० पैकी ६५ मुलं अशी उरली की ज्यांना कोणीच ऑपरेशन सांगितलं नव्हतं, आणि तपासणी तिथे थांबली.

मुलं बदलत गेली, डॉक्टर बदलत गेले, तरी समोर आलेल्यांपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास मुलांच्या टॉन्सिल काढाव्यात असं प्रत्येक वेळी वाटलं. म्हणजे निर्णय मुलाच्या घशात नव्हता, तपासणाऱ्याच्या सवयीत होता. चार वर्षांनी, १९३८ साली, इंग्लंडमध्ये ॲलिसन ग्लोव्हर यांनी तिथल्या शाळकरी मुलांचे आकडे मांडले. या परगण्यात पोरांच्या टॉन्सिल सर्रास काढतात आणि शेजारच्या परगण्यात क्वचित, असा फरक त्यांना दिसला. हवा, पाणी, गरिबी, दात, कशातही त्या फरकाचं कारण सापडेना. फरक होता तो डॉक्टरांच्या मतात.

हे दोन्ही अभ्यास डॉक्टरांनीच केले आणि स्वतःच्या व्यवसायाची चूक स्वतः उघड केली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तरीही न्यूयॉर्कच्या त्या रांगेचा विचार करताना मला रांगेबाहेर उभ्या असलेल्या आया दिसतात. पोर वर्षातून किती वेळा तापाने फणफणलं, घास गिळताना रडतं का, रात्री श्वास अडकतो का, शाळा किती बुडाली, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. तपासणी मात्र तोंडात दांडी घालून गाठी किती मोठ्या आहेत ते बघण्याची होती.

आता एकदम २००० सालाकडे येते. त्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये गुडघ्याच्या संधिवाताबद्दल एक लेख आला. त्या आजारावर झालेल्या यादृच्छिक चाचण्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चाचण्या औषधांच्या होत्या. रुग्णांना विचारलं, तुम्हाला कशावर संशोधन हवंय, तर औषधांवर आणखी संशोधन हवं म्हणणारे होते ९ टक्के. बाकीच्यांचे प्रश्न ऑपरेशनचे, व्यायामाचे, रोजचं दुखणं सांभाळत जगण्याचे होते. गुडघा हा काही माझ्या विषयातला अवयव नाही. पण एका बाजूला संशोधन आणि दुसऱ्या बाजूला रुग्णाची गरज यांच्यामधली दरी इतकी उघडी यापूर्वी कोणी मोजली नव्हती.

ही दरी बुजवण्यासाठी २००४ साली ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स नावाची संस्था उभी राहिली. सर इयान चाल्मर्स हे तिच्या संस्थापकांपैकी एक. नाव घेतलं ते जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरचं. १७४७ साली 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्हीने हिरड्या सडलेल्या १२ खलाशांच्या त्याने सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सहा दिवसांत उभी राहिली. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये, जवळपास अर्ध्या शतकाने.

या संस्थेची कामाची रीत सांगते, कारण तिच्यातलं शहाणपण तपशिलात आहे. एका आजारासाठी एक मंडळ बनतं. त्यात रुग्ण, त्यांची काळजी घेणारे घरचे लोक आणि उपचार करणारे लोक यांना बरोबरीचं स्थान असतं. मुलांच्या आजारात घरचे लोक म्हणजे आईबाप. मंडळ सगळ्यांना विचारतं: या आजाराबद्दल असा कोणता प्रश्न आहे ज्याचं उत्तर तुम्हाला हवंय आणि मिळत नाही? येतील तसे प्रश्न गोळा होतात, अशुद्ध, अर्धवट, रागाने लिहिलेले, सगळे. मग ते नीट लावतात आणि एकेक प्रश्न आजवरच्या संशोधनाशी ताडून पाहतात. उत्तर आधीच सापडलेलं असेल तर तो प्रश्न यादीतून निघतो. तो निघाला म्हणजे वाया गेला असं नाही. संशोधन झालंय, पण आईपर्यंत पोचलेलं नाही, हे त्यातून कळतं. उरलेल्या प्रश्नांवर पुन्हा सगळ्यांचं मत घेतात आणि शेवटी एक दिवस सगळे एका खोलीत बसून पहिले दहा प्रश्न ठरवतात. साधारण वर्ष-दीड वर्ष हे काम चालतं.

त्या शेवटच्या खोलीतला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. जो फक्त संशोधक आहे, ज्याला ना आजार आहे ना तो रुग्ण बघतो, त्याला मत नसतं. औषध कंपन्यांनाही नसतं. संशोधकाने ऐकावं, विचारलं तर सांगावं; पण कोणता प्रश्न आधी, हे त्याने ठरवायचं नाही. ज्याच्या हातात कुदळ आहे त्याने विहीर कुठे खणायची ते ठरवू नये, ज्याच्या घरी पाणी नाही त्याने ठरवावं, इतकी साधी ही गोष्ट आहे.

यातून काय बदलतं? अशा १४ मंडळांनी काढलेले प्रश्न आणि नोंदणी झालेल्या चाचण्या यांची तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण आणि उपचार करणारे यांनी मिळून ठरवलेल्या प्रश्नांत औषधांचे प्रश्न होते १८ टक्के. कंपन्यांच्या पैशाने होणाऱ्या चाचण्यांत तेच प्रमाण ८६ टक्के, आणि ज्यांत कंपनीचा पैसा नाही अशा चाचण्यांतही ३७ टक्के. म्हणजे दोष फक्त बाजाराचा नाही. आम्हा डॉक्टरांची सवयही त्यात आहे.

आता पुन्हा घशाकडे. २०१३ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. झोपेत श्वास अडकणाऱ्या ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांपैकी अर्ध्यांच्या टॉन्सिल आणि ॲडेनॉइड लगेच काढायच्या, अर्ध्यांवर सात महिने नुसतं लक्ष ठेवायचं. यश कशावर मोजायचं ते आधी ठरलं होतं: मूल लक्ष किती देतं, हातातलं काम आखून कसं पार पाडतं, हे पाहणारी मानसशास्त्रीय परीक्षा. त्या परीक्षेत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेवढाच निकाल घेतला असता तर 'ऑपरेशनचा उपयोग नाही' असं वाक्य छापून आलं असतं. पण त्याच चाचणीत आईबापांनी भरलेल्या कागदांवर वेगळी गोष्ट होती. वागणूक, घोरणं, दिवसाची झोप, मुलाचं एकंदर जगणं, या सगळ्यांत ऑपरेशन झालेल्या मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा होती. झोपेची तपासणी पूर्ववत झाली ती ऑपरेशनच्या गटात ७९ टक्के मुलांची, नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४६ टक्के मुलांची.

यातल्या दोन गोष्टींवर मी पुन्हा पुन्हा विचार करते. ४६ टक्के मुलांची झोप ऑपरेशनवाचून सुधारली, हे आपल्याकडच्या प्रत्येक घाईच्या ऑपरेशनबद्दल विचार करायला लावणारं आहे. दुसरी गोष्ट अशी की पालकांना आपल्या मुलाचं ऑपरेशन झालंय हे माहीत होतं, त्यामुळे त्यांचं मत थोडं ऑपरेशनच्या बाजूने झुकलं असेल ही शंका रास्त आहे. ती मान्य करूनही मी विचारते, परीक्षा कशाची घ्यायची हे ठरवताना त्या खोलीत चार आया बसल्या असत्या तर? त्यांनी सांगितलं असतं की, बाई, आमचं पोर रात्री उठून बसतं, अंथरूण ओलं करतं, सकाळी चिडचिड करतं, तेवढं थांबलं की नाही ते आधी बघा.

हे मी छातीठोकपणे सांगते, कारण चूक मी स्वतः केलेली आहे. सहा वर्षांच्या एका मुलाची आई माझ्या ओपीडीत आली होती. ती म्हणाली, हा मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपतो, मधेच श्वास थांबतो म्हणून मी रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून जागते, आणि एवढ्यात पुन्हा अंथरुणात मुतायला लागलाय. बाहेर रांग होती. मी केसपेपरवर लिहिलं: 'घोरणे, होय.' दोन शब्द. तिची जागरणं, तो छातीवरचा हात, पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं, यांतलं काहीच माझ्या कागदावर उतरलं नाही. तिने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या आजाराचं लक्षण होती. मुलाचं निदान व्हायला त्यामुळे आठ महिने उशीर झाला. तो केसपेपर मी जपून ठेवलाय.

आईबापांना विचारा म्हटलं की माझे व्यवसायबंधू एक आक्षेप घेतात आणि तो बिनतोड आहे. पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांनी १९७८ साली तो आकड्यांत मांडला. ज्यांच्या घरच्यांनी 'सारखा घसा येतो' असं सांगितलं, पण ज्याची कुठे नोंद नव्हती, अशा ६५ मुलांवर त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. सांगितलं होतं तितक्या वेळा खरोखर घसा आला तो फक्त ११ मुलांचा. आई खोटं बोलत नव्हती. तापलेल्या पोराजवळ काढलेली एक रात्र आठवणीत तीन रात्रींएवढी होते, हे इथे बसलेल्या प्रत्येक आईला कळेल. म्हणून ऑपरेशन करायचं की नाही यासाठी मी नोंद मागते आणि मागत राहीन. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा, हा जो हिशेब आम्ही लावतो तो पॅराडाइज यांच्याच कामातून आलेला आहे.

पण हा आक्षेप आकड्याच्या आठवणीबद्दल आहे. किती वेळा, हे आई चुकीचं सांगू शकते. काय सोसवत नाही, हे ती चुकीचं सांगत नाही. आणि संशोधनाचा अग्रक्रम ठरवताना आपण तिला दुसरी गोष्ट विचारतोय. या दोन्हींची गल्लत करून तिला दोन्ही ठिकाणाहून उठवण्याचा उद्योग आम्ही अनेक वर्षं केला.

दुसरी एक अडचण मला अधिक बोचते. बहिऱ्या मुलांच्या बाबतीत आईबाप हेच मुलाचा आवाज आहेत असं धरून चालतं का? जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी दहात नऊ मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, हा बोलेल का? मोठे झालेले बहिरे लोक मला सांगतात की आमचा पहिला प्रश्न तो नव्हता. शाळेत माझ्याशी बोलायला कोणी होतं का, खुणांची भाषा मला वेळेवर मिळाली का, हा होता. दोन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून अशा मंडळात आईबापांच्या शेजारी बहिरेपणात वाढलेली प्रौढ माणसं हवीत आणि जमेल तिथे मुलंही हवीत. संशोधनात सहभागी करून घेताना सात वर्षांच्या पुढच्या मुलाचा होकार त्याच्या स्वतःच्या तोंडून घ्यावा असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. होकार विचारायचा तर प्रश्नही विचारावा.

कानात पाणी साठण्याच्या आजारातही आईचा प्रश्न असाच मागे राहिला. पडद्यामागे चिकट द्रव साठतो, मुलाला ऐकू कमी येतं, दुखत काही नाही. बऱ्याच मुलांचं ते आपोआप ओसरतं, म्हणून पडद्यात ग्रोमेट ही बारीक नळी घालण्याआधी तीन महिने थांबा असं आम्ही सांगतो. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्य आहे. पण तीन महिने म्हणजे पहिलीच्या वर्गातलं जवळजवळ एक सत्र. आई विचारते, तोवर मी काय करू? या प्रश्नाला बराच काळ आमच्याकडे 'वाट बघा' हेच उत्तर होतं. मग ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर एक साधी चाचणी झाली: नाकपुडीने फुगा फुगवायचा, दिवसातून तीनदा. महिन्याने फुगा फुगवणाऱ्यांपैकी ४७ टक्के मुलांचा कान पूर्ववत झाला होता, न फुगवणाऱ्यांपैकी ३६ टक्के. फरक मोठा नाही. तरी आईच्या हातात काहीतरी आलं, आणि हे उत्तर यायला २०१५ साल उजाडावं लागलं.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसतो तो वाहता कान. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली देशांची विभागणी केली तेव्हा ज्या देशांत शंभरात चाराहून जास्त माणसांचा कान वाहतो त्या वरच्या गटात भारत होता. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांत तपासायच्या आजारांत कान फुटणं आहे. म्हणजे आजार शोधला जातो. पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही.

वाहत्या कानासाठी गावोगाव सांगितला जाणारा उपाय म्हणजे कान कोरडा पुसा. केनियात शाळकरी मुलांवर याची चाचणी झाली, १९९६ साली ती प्रसिद्ध झाली. नुसता कान पुसल्याने आणि काहीच न केल्याने सारखाच परिणाम झाला, पाचात एकाच्या आसपास कान कोरडे झाले. पुसण्याबरोबर थेंब आणि पोटातली औषधं दिली तेव्हा साधारण निम्म्या मुलांचे कान कोरडे झाले. ही चाचणी मला आवडते, कारण ती शाळेत झाली आणि कान पुसायचं काम रोज कोणाच्या तरी हातांनी घडत होतं. पण ती मुलं एका जागी राहत होती.

आमच्या जिल्ह्यातली मुलं दिवाळीनंतर कोयत्याबरोबर निघतात. आईबाप ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पोर बैलगाडीत, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. फडाजवळच्या पालात कान पुन्हा वाहतो. दिवसातून तीनदा थेंब घालायला आई पहाटे चारला कोयता हातात घेते तिथपासून कुठली तीन वेळा काढणार? मी लिहून दिलेली बाटली तशीच परत येते. कोणत्या पुस्तकात, कोणत्या चाचणीत हा प्रश्न आहे?

गेली दोन वर्षं मी ओपीडीत टेबलाच्या कोपऱ्यावर एक दोनशेपानी वही ठेवली आहे. तपासणी झाल्यावर आईला, आजीला, बापाला विचारते: याच्या कानाबद्दल, घशाबद्दल, नाकाबद्दल असं काय आहे जे तुम्हाला कळायला हवंय? आमच्या नर्सताई लिहून घेतात, शब्द न बदलता. त्यांतले काही वाचते.

'कान फुटलेल्या पोराला विहिरीत पोहू द्यायचं का नाही? सगळी पोरं जातात, हा काठावर बसून रडतो.'

'थेंब दिवसातून एकदाच घातले तर चालतील का? मी घरी फक्त रात्री असते.'

'सासूबाई कोमट तेल घालतात. मी नको म्हणते. खरं काय ते तुम्ही त्यांना सांगा.'

'औषधाने थांबतो, पाऊस आला की परत. का?'

'कानामागचं मशीन घामानं बंद पडतं. उन्हाळ्यात शाळेत घालायचं का घरी ठेवायचं?'

'इम्प्लांट सरकारनं दिलं. वायर तुटली तर ती कोण देणार?'

'मुलीचा कान वाहतो हे लग्नाच्या वेळी सांगावं लागतं का?' हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीच्या आजीचा आहे.

यांतल्या तेलाच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर आहे: पडद्याला भोक असेल तर तेल घालू नये. ते सासूबाईंपर्यंत नेणं हे माझं काम आणि ते मी केलं नाही. वायरचा प्रश्न संशोधनाचा नाही, सरकारी कामकाजाचा आहे, तो त्या टेबलावर मांडला पाहिजे. विहिरीचा आणि दिवसातून एकदाच घालायच्या थेंबांचा प्रश्न मात्र अस्सल संशोधनाचा आहे. एकवेळच्या थेंबांची चाचणी आपल्या जिल्ह्यात, ऊसतोडीच्या मुलांवर, फडावर जाऊन करता येईल. पालावरून पालावर जाणारी आरोग्यसेविका आणि तपासायला एक ओटोस्कोप पुरेल. अशी चाचणी कोणत्याही कंपनीच्या फायद्याची नाही, म्हणून कोणी आपणहून करणार नाही.

वहीत आत्तापर्यंत ४१२ प्रश्न झाले आहेत. ते एकट्या माझ्या दवाखान्यातले आहेत, आणि दवाखान्यापर्यंत जे पोचतच नाहीत त्यांचे त्यात नाहीत. ही उणीव भरून काढायची म्हणून गुरुजींच्या शाळेने येत्या रविवारी सकाळी १० वाजता वर्ग उघडून द्यायचं कबूल केलं आहे. ऊसतोडीच्या टोळ्या निघायला अजून तीन आठवडे आहेत, म्हणून हाच रविवार. ज्यांच्या घरात कान वाहणारं, कमी ऐकणारं, घोरणारं, सारखा घसा येणारं मूल आहे त्यांनी यावं. बहिरेपणात वाढलेल्या मोठ्या माणसांनीही यावं, खुणांची भाषा जाणणाऱ्या एक ताई जिल्ह्याच्या गावाहून येणार आहेत. मुलांना घरी ठेवायची सोय नसेल तर घेऊन या, शेजारच्या वर्गात त्यांना खाऊ आणि खेळ आहे. लिहिता येत नसेल तर बोला, लिहून घ्यायला माणसं आहेत. दुपारी आपण सगळे मिळून वहीतले प्रश्न एकेक करून फळ्यावर लावू आणि वर कोणता ठेवायचा ते तुम्ही ठरवाल. मी मागच्या बाकावर बसेन, मला त्या दिवशी मत नाही.